मार्था ह्यूज कॅनन

मार्था ह्यूज कॅनन (१ जुलै १८५७–१० जुलै १९३२) : अमेरिकेतील पहिल्या महिला राज्य सिनेटर (राज्य विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाच्या सदस्य), डॉक्टर आणि स्त्री-मताधिकाराच्या पुरस्कर्त्या. जन्म वेल्समधील लँडुड्नोचा. त्यांचे मॉर्मनपंथी कुटुंब (मॉर्मन हा अमेरिकेत उदयाला आलेला, तेव्हा बहुपत्नीकत्व मानणारा ख्रिस्ती पंथ) १८६१ मध्ये यूटाला आले; यूटा तेव्हा राज्य नव्हे, तर अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या अखत्यारीतील प्रदेश होता. वाटेत धाकटी बहीण दगावली आणि सॉल्ट लेक सिटी गाठल्यावर तीनच दिवसांत वडीलही वारले. मार्थांनी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून शिक्षणासाठी पैसे साठवले व १८८० मध्ये मिशिगन विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवली.

१८८४ मध्ये त्या मॉर्मन नेते अँगस कॅनन यांच्या चौथ्या पत्नी झाल्या. तेव्हा बहुपत्नीकत्वाबद्दल खटले भरले जात होते, आणि अशा कुटुंबांत मार्थांनी डॉक्टर म्हणून केलेली बाळंतपणेच कोर्टात पुरावा ठरण्याची भीती होती. साक्ष द्यावी लागू नये म्हणून १८८६ मध्ये तान्ह्या लेकीला घेऊन त्या इंग्लंडला निघून गेल्या.

यूटातील स्त्रियांना १८७० मध्ये मिळालेला मताधिकार अमेरिकेच्या काँग्रेसने (संसदेने) १८८७ मध्ये काढून घेतला होता. १८९६ मध्ये यूटा राज्य झाले तेव्हा तो परत मिळाला. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला मार्था डेमोक्रॅटिक पक्षातर्फे राज्य सिनेटवर निवडून आल्या. हरलेल्या रिपब्लिकन उमेदवारांत अँगसही होते. ‘बायकोने नवऱ्याला हरवले’ एवढेच अनेकदा सांगितले जाते. खरे तर एकाच मतदारसंघात अनेक जागा होत्या, त्यामुळे दोघांची समोरासमोर लढत झालीच नव्हती.

त्यांचे सिनेटमधील काम या किश्श्यापेक्षा कितीतरी मोठे आहे. राज्य आरोग्य मंडळ त्यांच्याच विधेयकातून उभे राहिले. मूकबधिर व अंध मुलांच्या शिक्षणासाठीही त्यांनी कायदा आणला. पण त्यांच्यातली डॉक्टर सर्वांत स्पष्ट दिसते ती नोकरदार स्त्रियांच्या आरोग्यासंबंधीच्या कायद्यात. दुकानात काम करणाऱ्या बायका-मुली दिवसभर गल्ल्यामागे उभ्या असत. गिऱ्हाईक नसताना त्यांना टेकता यावे म्हणून मालकाने स्टूल किंवा खुर्ची दिलीच पाहिजे, असे या कायद्याने ठरवले. पायांवरची सूज आणि कंबरदुखी हा कायद्याचा विषय होऊ शकतो, हे ओळखायला रोग्यांत वावरलेली नजर लागते.

१८९९ मध्ये, सिनेटर असतानाच, त्यांना तिसरे मूल झाले. बहुपत्नीक विवाह चालूच असल्याचा तो पुरावा मानून अँगस यांच्यावर खटला झाला आणि मार्थांची राजकीय वाटचाल तिथेच थांबली. अखेरची वर्षे त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये काढली. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनात, प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात; डिसेंबर २०२४ मध्ये यूटाच्या दोनांपैकी एक म्हणून त्यांचा पुतळा तिथे बसवण्यात आला.