चकवा लागतो म्हणजे नेमकं काय होतं?

मागच्या आषाढात आम्ही चौघं चाळीसगावजवळच्या पाटण्याला, पाटणादेवीला गेलो होतो. देवळाच्या बरंच अलीकडे, रस्त्याच्या कडेला एका सागाखाली गाडी लावली आणि केदारकुंड धबधब्याकडे निघालो. परतताना पायवाट सोडून रानातून सरळ खाली उतरायचं ठरलं, आणि तिथेच चुकलं. वीस मिनिटांचं अंतर, पण दीड तास झाला तरी रस्ता लागेना. आभाळ गच्च, साग पानांनी भरलेला, पन्नास पावलांपलीकडचं काही दिसत नव्हतं. वाटेत तीन नाले ओलांडले. तिसऱ्या नाल्यापाशी बकऱ्या चारणारे एक बाबा भेटले. ‘तुमले चकवा लागना व्हई दादा,’ म्हणाले, आणि पाच मिनिटांत आम्हाला गाडीपाशी आणून सोडलं.

एका मित्राच्या मनगटावर चालण्याची नोंद ठेवणारं घड्याळ होतं. घरी आल्यावर ती नोंद फोनवर उघडली, तर नकाशावर नाला एकच होता. आम्ही तो तीनदा ओलांडला होता.

चकवा म्हणजे रानात वाट चुकवणारं भूत, अशी समजूत. त्याच्या गोष्टी खान्देशात गावोगावी आहेत. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत रात्री पाणी द्यायला गेलेला माणूस पहाटेपर्यंत त्याच बागेत फिरत राहतो. डोक्यापेक्षा उंच केळी, प्रत्येक ओळ दुसरीसारखी. सातपुड्यात लाकूडफाटा आणायला गेलेल्यांना वाट सापडत नाही. या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आलो आणि आता त्या मला फार मोलाच्या वाटतात, कारण त्यांतला तपशील जवळपास सारखा असतो. अमावस्येची रात्र, नाहीतर ढग, नाहीतर धुकं. माणूस सरळ चालत असतो, त्याची तशी खात्री असते, आणि तो पुन्हा त्याच जागी येतो. निरीक्षण अगदी चोख आहे. त्याला जोडलेलं भूत तेवढं खोटं आहे.

जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतले यान साउमान आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ साली हेच तपासलं. त्यांनी माणसांना जर्मनीतल्या एका सपाट, घनदाट जंगलात सोडलं, अंगावर जीपीएस यंत्र दिलं आणि काही तास एकाच दिशेने सरळ चालायला सांगितलं. सहा जण चालले. ज्या चौघांच्या वेळी आभाळ भरलेलं होतं, ते चौघंही गोल फिरले. त्यांतल्या तिघांनी स्वतःचीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडली आणि त्यांना ते कळलंही नाही. ज्या दोघांना सूर्य दिसत होता, ते जवळजवळ सरळ गेले. ट्युनिशियातल्या सहारा वाळवंटात एक जण रात्री चंद्राच्या उजेडात चालला. चंद्र ढगाआड जाईपर्यंत त्याची वाट ठीक होती. मग तो वळत वळत आला त्याच दिशेला परत निघाला. डोळे बांधून मोकळ्या मैदानावर चालणाऱ्यांची वर्तुळं तर कधी कधी जेमतेम २० मीटर व्यासाची होती.

आपल्याकडे याचं एक ठरलेलं उत्तर मिळतं: माणसाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित लांब असतो, म्हणून तो एका बाजूला वळतो. तसं असतं तर एक माणूस नेहमी एकाच बाजूला वळला असता. या प्रयोगात तोच माणूस कधी डावीकडे वळला, कधी उजवीकडे. पायांच्या लांबीने हे कोडं सुटत नाही.

मग वळवतं कोण? इथे मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग हाच आहे.

पेरणीच्या वेळी पहिलं तास, म्हणजे शेतातली पहिली रेघ, धरणारा जाणता शेतकरी बैलांच्या पायांकडे बघत नाही. समोरच्या बांधावरच्या बाभळीवर नजर ठेवतो आणि तास सरळ निघतं. तेच नवख्या पोराला धरायला दिलं तर तो मागच्या दोन हातांवरची रेघ बघून पुढची ओढतो. त्याच्या हाताची चूक फार मोठी नसते. पण दोन हातांवर जो बाक आला तोच त्याच्यासाठी आता सरळ ठरतो, आणि पुढचा बाक त्याच्यावर चढतो.

आता हिशेब करू. समजा चालताना प्रत्येक पावलाला आपली दिशा १ अंशाने चुकते, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कसलाही नियम नाही. १०० पावलांनंतर एकूण चूक १०० अंश होत नाही, कारण डाव्या-उजव्या चुका एकमेकींना खातात. पण त्या पूर्ण फिटतही नाहीत. उरणारी चूक पावलांच्या संख्येच्या वर्गमुळाने वाढते. १०० पावलांना सुमारे १० अंश, ९०० पावलांना ३०, आणि ८१०० पावलांना ९०. म्हणजे साडेपाच-पावणेसहा किलोमीटर गेल्यावर आपण ठरवल्या दिशेला चक्क आडवे चाललेलो असू शकतो. याउलट बांधावरची बाभूळ, म्हणजे सूर्य, चंद्र किंवा एखादा सुळका सतत दिसत असेल, तर प्रत्येक पावलाची चूक त्या पावलापुरतीच राहते, पुढच्या पावलाला वारशाने मिळत नाही. त्याच ८१०० पावलांनंतर आपण सरळ रेघेपासून किती बाजूला असू? सुमारे एक मीटर. पाय तेच, चूक तेवढीच, फक्त नजर कुठे आहे एवढाच फरक.

वर्तुळं त्याच्याही पुढची पायरी आहे. ‘सरळ’ कशाला म्हणायचं ही मेंदूतली जाणीवसुद्धा अशीच हळूहळू घसरत जाते. ती काही वेळ एका बाजूला कलली की माणूस फिरू लागतो. २० मीटर व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६३ मीटर, म्हणजे साधारण ९० पावलं. प्रत्येक पावलाला फक्त ४ अंशांचं वळण. एवढं वळण आपल्या लक्षात कसं येत नाही, हा प्रश्न रास्त आहे. आपल्या प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव असतो. डोकं फिरू लागलं की द्रव मागे राहतो आणि मेंदूला वळल्याचं कळतं. पण एकाच संथ गतीने वळत राहिलं की द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि काही सेकंदांत तो इशारा विरून जातो. आपण वळतच असतो, कान म्हणत असतो की सरळ चाललंय.

सहाराच्या वाळवंटातली एक मुंगी हे काम आपल्यापेक्षा चांगलं करते. ती दिशा सूर्यावरून आणि आकाशातल्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून, म्हणजे त्याच्या लहरी कुठल्या दिशेने कंप पावतात त्यावरून, धरते, आणि अंतर पावलांवरून. २००६ साली संशोधकांनी वारुळापासून १० मीटरवर आलेल्या मुंग्यांच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून पाय लांब केले. परतताना या मुंग्या वारूळ ओलांडून सुमारे १५ मीटरपर्यंत गेल्या आणि तिथे घर शोधू लागल्या. ज्यांचे पाय आखूड केले होते त्या ६ मीटरच्या आतच थांबल्या. त्यांचा पावलांचा हिशेब बरोबर होता, पाऊल बदललं होतं. आपल्या मेंदूतही असा हिशेब चालतो. जागा ओळखणाऱ्या पेशी जॉन ओकीफ यांनी १९७१ साली उंदरांच्या मेंदूत शोधल्या, आणि षटकोनी जाळीसारखं अंतर आखणाऱ्या पेशी मोझर दांपत्याने २००५ साली. त्यासाठी तिघांना २०१४ साली नोबेल मिळालं.

गावाकडे चकव्यावर एक उपाय सांगतात: आहे तिथे बसून राहायचं, उजाडल्यावर निघायचं. उपाय पूर्ण शास्त्रीय आहे. बसलेल्या माणसाची चूक वाढत नाही आणि सकाळी सूर्य मिळतो. पण घरी आणून त्या थकलेल्या, घाबरलेल्या माणसावरून उतारा टाकणं, त्याला अंगारा लावणं, ‘याला धरलंय’ म्हणणं, याची मला चीड येते. त्याला पाणी आणि झोप हवी असते.

आषाढात मात्र आपल्याकडे सूर्य दिसला तरी दुपारी तो कामाचा नसतो. खान्देश २० ते २२ अक्षांशांत येतो. पाटण्याला मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात भर दुपारी तो किंचित उत्तरेला असतो. ‘दुपारी सूर्य दक्षिणेला’ हा शाळेतला नियम धरून चाललात तर नेमके उलटे जाल.

आम्ही आणखी एका समजुतीमुळे फसलो: रेंज नाही, म्हणजे नकाशा नाही. म्हणून मित्राच्या मनगटावर उत्तर असताना कुणी तिकडे बघितलंच नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवरून संदेश पाठवतात, फोन किंवा घड्याळ तो फक्त ऐकतं. त्याला मोबाइलचा टॉवर लागत नाही. नकाशा आधी उतरवून ठेवला असला की झालं. रेंज नसताना पहिली जागा सापडायला मात्र वेळ लागतो, कारण उपग्रह स्वतःचा ठावठिकाणा सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने सांगतो आणि तो अर्धा मिनिट न तुटता ऐकावा लागतो. दाट सागाखाली तो तुटत राहतो. गाडीची खूण करायची तर गाडीपाशीच, उघड्यावर उभं राहून, निघायच्या आधी.

पाटण्याशी या विषयाचं जुनं नातं आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ स्थापन केला, त्याचा शिलालेख शके ११२८ चा आहे. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ‘त्रिप्रश्न’ नावाचा अधिकार, म्हणजे प्रकरण, आहे. तीन प्रश्न म्हणजे दिशा, स्थळ आणि काळ. शंकूच्या, म्हणजे उभ्या काठीच्या सावलीवरून ते सोडवायचे.

पौषात आम्ही पुन्हा गेलो. गाडी त्याच सागापाशी, यावेळी उन्हात लावली. मागच्या चाकाजवळ एक काठी उभी रोवली, सावलीच्या टोकावर खडा ठेवला. वीस मिनिटांनी सरकलेल्या टोकावर दुसरा. पहिल्या खड्यापासून दुसऱ्याकडे जाणारी रेघ, पश्चिमेकडून पूर्वेकडे. पुढे समोरचा एक सुळका हेरून ठेवला, प्रत्येक वळणावर मागे वळून पाहिलं, कारण जाताना दिसणारं रान आणि येताना दिसणारं रान वेगळं असतं. चार वाजता थेट गाडीपाशी उतरलो. काठी तशीच होती. सकाळी वायव्येला पडलेली तिची सावली दोन्ही खडे ओलांडून ईशान्येला लांबत गेली होती.