मारहाणीनंतर सरकारी दवाखान्यात: केसपेपर, डीआयआर आणि कोर्टाचा अर्ज

उपचारासाठी आधी पोलीस ठाण्यात जावं लागतं, हा गैरसमज आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम ७ नुसार महिलेने मागितल्यास अधिसूचित (राज्य सरकारने जाहीर केलेल्या) दवाखान्याने उपचार द्यायलाच हवेत. डीआयआर, म्हणजे घटनेचा अहवाल, भरलेला नाही म्हणून तिला परत पाठवता येत नाही.

पत्नीच नव्हे, तर एका घरात राहणारी किंवा पूर्वी राहिलेली आई, बहीण, मुलगी, विधवा सून, लग्नासारख्या नात्यातली स्त्री, कुठल्याही धर्माची, या कायद्यात येते. अंगावर वळ नसले तरी शिवीगाळ, लैंगिक जबरदस्ती, पगार काढून घेणं हीसुद्धा हिंसाच.

खरं अडतं ते केसपेपरवर. शेजारी सासू उभी असते, बाई म्हणते "मोरीत घसरले" आणि तेच कागदावर उतरतं. पुढे कोर्टात समोरचा वकील नेमका तोच कागद काढतो. म्हणून तपासणीसाठी तिला एकटीला आत घ्यावं. भाषा वेगळी असेल तर दुभाषी म्हणून नवरा, नणंद किंवा तिचं मूल नको. तिच्या वस्तीतलं माणूसही नको, बातमी तिच्याआधी घरी पोचते. "नवरा मारतो का?" याला बऱ्याचदा "नाही" येतं, "भांडण झालं की कुठवर जातं?" यावर बायका बोलतात. नवऱ्याचं नाव घेत नसेल तर आग्रह नको, नातं लिहावं. "दाल्ल्यानं लाथ मारली" हे तिचे शब्द तसेच ठेवावेत. खाली जखमेची जागा, रंग, सेंटिमीटरमध्ये लांबी, आणि जुने व्रणही.

डीआयआर आधी झाला नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखाने तो नमुना १ मध्ये भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, पाठवायचा. तपासणी अहवालाची प्रत बाईला मोफत मिळते. टाळाटाळ झाली तर लेखी मागणी द्या, त्यात या कायद्याच्या २००६ च्या नियमांतल्या नियम १७ चा उल्लेख केलेला बरा. प्रत घरी ठेवणं धोक्याचं असेल तर माहेरी ठेवा.

कोर्टाचा अर्ज कलम १२ खाली, नमुना २ मध्ये. तात्पुरती माहेरी राहत असाल तर तिथल्या दंडाधिकाऱ्याकडेही चालतो. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत असावी, त्या तारखेपासून ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात लांबतं, म्हणून नमुना ३ चं शपथपत्र जोडून अंतरिम (निकालापर्यंतचा तात्पुरता) आदेश लगेच मागा. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मोफत मिळतो, महिलांना उत्पन्नाची अट नाही. सोबत केसपेपर, औषधांच्या पावत्या, लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले आणि स्त्रीधनाची यादी न्या. यातलं काही सासरीच राहिलं असेल तरी अर्ज थांबवू नका. रात्रीबेरात्री मदत लागली तर महिला हेल्पलाइन १८१.