डबलबारी आणि तापलेलं चुंबक

रात्रीचा दीड वाजलेला. कुडाळजवळच्या एका गावात डबलबारी, म्हणजे दोन भजनीबुवांचा सामना, ऐन रंगात आली होती. दोन्ही बुवा गजरातून एकमेकांना चिमटे काढत होते आणि साऊंड सांभाळणारा माझा मामेभाऊ मात्र अस्वस्थ. संध्याकाळी छातीत बसणारी पखवाजाची थाप आता नुसतीच ऐकू येत होती. "आवाज बसलो. मॅग्नेट गेलो वाटता," म्हणत त्याने मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचं बटण, आणखी वर नेला. मी बेस स्पीकरच्या खोक्याच्या भोकातून हात घालून मागचं चुंबक चाचपलं. भरल्या चहाच्या पेल्यासारखं लागलं. धरवत होतं, पण फार वेळ नाही.

चहापाण्याला दहा मिनिटं खंड पडला. पुन्हा सुरुवात झाली तर थाप बऱ्यापैकी परतलेली! चारदोन गजरांत ती परत बसली. मॅग्नेट 'गेला' असता तर दहा मिनिटांत परत कसा आला असता?

स्पीकरला दिलेल्या विजेतून आवाज होतो तो शेकड्यातल्या दोन-चार भागांचाच. बाकीची सगळी उष्णता होते, आणि ती तयार होते कॉइलमध्ये. बांगडीएवढं हे तांब्याच्या तारेचं वेटोळं चुंबकाच्या लोखंडी फटीत लोंबकळत असतं आणि त्याला दोन्ही बाजूंना जेमतेम नखाच्या जाडीएवढी मोकळीक असते. रात्रभर जोरात वाजलं, की ते 200 अंश सेल्सिअसपर्यंत सहज जातं. तांब्याचा रोध प्रत्येक अंशामागे साधारण 0.39 टक्के वाढतो. म्हणजे 30 अंशांना सहा ओम असलेली कॉइल 200 अंशांना दहा ओमची होते. अँप्लीफायरचा व्होल्टेज तेवढाच, त्यामुळे प्रवाह उरतो रुपयातले साठ पैसे आणि आवाज चारेक डेसिबल खाली येतो. मग आपण मास्टर वर नेतो, कॉइल आणखी तापते, आवाज आणखी बसतो. शेवटी तारेवरचं आवरण करपल्याचा तो ओळखीचा वास येतो आणि दुसऱ्या दिवशी कॉइल भरायला द्यावी लागते.

चुंबकालाही झळ लागते, पण उशिरा. कॉइल काही सेकंदांत तापते-निवते, चुंबकाला तास-तास लागतो. चुंबकात अणूंच्या इवल्या सुया एका दिशेने रांगेत उभ्या असतात असं समजा. उष्णता म्हणजे थरथर, त्यामुळे रांग ढिली पडते. आपल्याकडच्या बहुतेक बेसमागे असलेलं काळं, खापरासारखं फेराइट चुंबक अंशाला 0.2 टक्के बळ गमावतं. ते 30 वरून 80 अंशांवर गेलं, तर दहा टक्के बळ जातं. निवलं, की ते सगळं परत येतं.

एका ठरावीक तापमानाला ही रांगच मोडते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर क्युरींनी 1895 मध्ये दाखवून दिलं. लोखंडासाठी तो बिंदू 770 अंश, फेराइटसाठी सुमारे 450 आणि निओडिमियम चुंबकासाठी 310च्या आसपास. पण म्हणून 310 पर्यंत बिनधास्त राहू नये, खरी गोम त्याच्या अलीकडेच आहे. चुंबकात बळ असतं तसा हट्टही असतो, विरोधी क्षेत्रापुढे दिशा न बदलण्याचा. 1980च्या दशकात जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे शोधलेलं निओडिमियम चुंबक बळाला अफाट, पण त्याचा हट्ट अंशाला 0.6 टक्क्यांनी उतरतो. साध्या प्रतीचं चुंबक 80 अंशांपलीकडे गेलं, की त्याच्या काही सुया उलटून बसू शकतात. मग ते कितीही निवू द्या, त्या सरळ होत नाहीत. त्याला पुन्हा जबर क्षेत्रात घालूनच चुंबकित करावं लागतं. तापात टिकणाऱ्या प्रतींमध्ये डिस्प्रोशियम हा दुर्मिळ धातू मिसळतात, म्हणून त्या महागही असतात. शिवाय हलक्या स्पीकरांत हा तुकडा बऱ्याचदा कॉइलच्या पोटातच बसवलेला, म्हणजे चुलीला अगदी खेटून.

फेराइटचं मात्र नेमकं उलटं. तापलं, की बळ घटतं आणि हट्ट वाढतो. त्याला धोका कडाक्याच्या थंडीचा, शून्याच्या बऱ्याच खालच्या. ती सिंधुदुर्गात कुठून आणणार? आमच्याकडे त्याची अडचण वेगळीच. खारं वारं लोखंडी पट्ट्यांना गंज चढवतं, त्याचा पापुद्रा फटीत उतरतो आणि कॉइल खरखरायला लागते. निओडिमियमवरचा निकेलचा मुलामा कुठे उडाला, तर ते स्वतःच फुगून भुगा होतं.

पहाटे सामान टेंपोत चढवताना मी कॉइलचा रोध मोजायला मल्टिमीटर लावला. बेस सहा ओम दाखवत होता. मामेभावाने आकडा पाहिला, चुंबकावर हात ठेवला आणि म्हणाला, "हो अजून गरम आसा."