पुरवठा साखळीची लवचिकता (मोजमाप)

मागणी किंवा पुरवठा अचानक बदलला तर वेळ, खर्च आणि दर्जा यांचा फारसा फटका न बसता साखळीला किती वळता येतं, त्याला लवचिकता म्हणतात.

कल्पना कुठली यावर वाद आहे. अर्थशास्त्रवाले जॉर्ज स्टिगलरच्या १९३९ च्या लेखापर्यंत मागे जातात, तिथे मुद्दा एवढाच की उत्पादन कमीजास्त झालं तर सरासरी खर्च किती चढतो. कारखान्याकडून बघणारे साधारण १९८० च्या दशकातल्या नायजेल स्लॅकपासून सुरुवात धरतात, आणि मोजायचंच असेल तर हे जास्त कामाचं वाटतं, कारण त्याने व्याप्ती आणि प्रतिसाद वेगळे काढले. पुढे शब्दांचा नुसता बाजार झाला, सेठी आणि सेठी या संशोधकांना १९९० मध्ये लवचिकतेच्या प्रकारांची निदान ५० नावं सापडली.

व्याप्ती म्हणजे काय काय जमतं, प्रतिसाद म्हणजे किती लवकर जमतं. बेळगावच्या उद्यमबागेत एखाद्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) जाऊन बघा, रॅकवर ढीगभर पॅटर्न (साचा उमटवायचे नमुने) असतात, पण चालू पॅटर्न उतरवून दुसरा चढवायचा, त्याचे कोअर (वस्तूत पोकळी ठेवणारे गाभे) तयार आहेत का बघायचं, भट्टीत दुसऱ्या ग्रेडचं मेटल असेल तर ती हिट (एका वेळी वितळवलेली खेप) संपेपर्यंत थांबायचं, यातच शिफ्ट गेली तर पॅटर्न मोजून काय उपयोग? वर कास्टिंग (ओतलेला भाग) मशिनिंगसाठी बाहेर दुसऱ्या युनिटकडे जॉबवर्कला जाणार असेल तर तिथली रांगही धरावी लागते.

पुरवठा साखळीसाठी बीमन या संशोधिकेने १९९९ मध्ये लवचिकतेचे चार प्रकार सांगितले: प्रमाण (माल कमीजास्त करणं), डिलिव्हरी (तारीख अलीकडे आणणं), मिक्स (वेगवेगळी उत्पादनं काढणं), नवं उत्पादन. डिलिव्हरीचं गणित सोपं आहे. समजा माल आजपासून १० दिवसांत द्यायचाय आणि घाई केली तर ६ दिवसांत जातो, तर ४ भागिले १०, म्हणजे ४० टक्के. प्रमाणासाठी मात्र मागणीचा चढउतार माहीत लागतो, आणि लहान युनिटकडे गिऱ्हाइकाच्या शेड्यूलपलीकडे आकडे क्वचितच असतात. स्कोर मॉडेल, म्हणजे पुरवठा साखळ्या मोजायचा एक ठरीव आराखडा, आधीच्या आवृत्त्यांत सरळ विचारायचं, ठरल्यापेक्षा २० टक्के जास्त माल कायम द्यायला किती दिवस लागतील?

सगळ्यांना सगळं जमायलाच पाहिजे असं नाही. जॉर्डन आणि ग्रेव्हज या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवलं की प्रत्येक प्लांटला दोनच उत्पादनं येत असली, पण ती कड्यांसारखी एकमेकांत अडकवलेली असली (एका प्लांटचं एक उत्पादन पुढच्या प्लांटलाही येतं, असं करत शेवटचा पहिल्याशी जोडलेला), तरी पूर्ण लवचिकतेचा जवळपास सगळा फायदा मिळतो.

रस्ता या सूत्रांत नीट बसत नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पुणे-बेंगळुरू हायवे निपाणीजवळ यमगर्णीला बंद पडला तेव्हा भट्टी कितीही चपळ असून काय करणार? बेळगावहून गोव्याकडे जायला चोर्ला आणि अनमोड असे दोन घाट आहेत, त्यामुळे एक बंद असला तरी बहुतेक वेळा दुसरा राहतो. पण भाजीची गाडी सकाळच्या बाजाराला पोचायची असते, तिथे वळसा पडला की बीमनच्या सूत्रातले टक्के शून्यावर येतात.