खटके की आढेवेढे? गट समुपदेशनातल्या दुसऱ्या टप्प्याची पार्श्वभूमी

गट समुपदेशनात काही माणसं नियमित एकत्र बसून आपल्या अडचणींबद्दल बोलतात आणि असा गट हळूहळू काही टप्प्यांतून जातो, असं मानलं जातं. हे मराठीतून शिकवायला बसलं की पहिला टप्पा सहज पार पडतो. ओळख, चाचपणी, ‘इथे नेमकं काय चालतं’ हा प्रश्न, हे सगळ्यांना पटकन समजतं. गाडी अडते ती दुसऱ्या टप्प्यावर. कुणाच्या वहीत ‘संघर्ष’ असतो, कुणाच्या वहीत ‘वादळ’, तर कुणी इंग्रजी शब्दच देवनागरीत ‘स्टॉर्मिंग’ असा उतरवून घेतलेला असतो. पुण्यात हा विषय शिकणाऱ्या आणि गट चालवणाऱ्यांशी बोलताना एक गोष्ट वारंवार जाणवते. या शब्दानेच पुढच्या कामाची दिशा ठरते. ‘संघर्ष’ शिकलेला सुलभक, म्हणजे गट चालवणारा, गटात भांडणाची वाट पाहत बसतो आणि भांडण झालं नाही की टप्पा संपला असं समजून पुढे सरकतो.

गटाने उपचार करण्याची सुरुवात मात्र भांडणातून झालेली नाही. १९०५ साली बोस्टनमधल्या एका डॉक्टरने क्षयाच्या गरीब रुग्णांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवायला सुरुवात केली. आरोग्यधामाचा खर्च न परवडणाऱ्या या माणसांना विश्रांती, मोकळी हवा आणि आहाराचे नियम समजावून सांगायचे, एवढाच हेतू होता. त्याला तो ‘वर्ग’ म्हणे. एकमेकांच्या सोबतीनेच रुग्णांना उभारी येते आहे, हे पुढे त्याच्या लक्षात आलं. ‘गट उपचार’ हे नाव रूढ झालं १९३०च्या दशकात. दुसऱ्या महायुद्धात मनाने खचलेले सैनिक फार आणि मानसोपचारतज्ज्ञ थोडे, म्हणून बर्मिंगहॅमजवळच्या एका लष्करी रुग्णालयात गटांचे प्रयोग झाले. १९४६च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये एका प्रशिक्षणात निरीक्षकांची चर्चा शिबिरार्थींच्या कानावर पडली. आपल्या वागण्याबद्दल आपल्यासमोरच बोललं गेलं की माणूस किती शिकतो, हे तिथे दिसलं आणि पुढच्याच वर्षीपासून ‘टी-ग्रुप’ (प्रशिक्षण गट) हा प्रकार उभा राहिला.

टप्प्यांची आज सर्वांना पाठ असलेली मांडणी १९६५ सालची. अमेरिकी नौदलाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत काम करणाऱ्या टकमन या तरुण मानसशास्त्रज्ञाने तोवर छापून आलेले ५० लेख वाचून काढले आणि त्यांतून एक समान क्रम शोधला. त्याने स्वतः हे गट चालवून पाहिले नव्हते. ती इतरांच्या नोंदींची जुळणी होती. त्यातही उपचार गटांवरच्या लेखांचा भरणा मोठा होता आणि हे त्याने स्वतःच मोकळेपणाने लिहिलं आहे.

इथे जरा थांबायला हवं, कारण मूळ मांडणीत रकाने दोन होते. एका रकान्यात माणसं एकमेकांशी कशी वागतात ते, दुसऱ्यात हाती घेतलेल्या कामाशी त्यांचं नातं कसं असतं ते. प्रत्येक टप्प्याला अशी दोन अंगं. दुसऱ्या टप्प्याच्या पहिल्या रकान्यात गटांतर्गत कलह आहे. दुसऱ्या रकान्यात आहे कामाच्या मागणीला दिलेला भावनिक प्रतिसाद. उपचार गटात काम म्हणजे स्वतःबद्दल बोलणं. ते नको वाटणं, त्याला मनातून विरोध होणं, हे त्या दुसऱ्या रकान्यात येतं. ज्या गटांचं काम कोरडं, बौद्धिक स्वरूपाचं असतं, तिथे हे अंग तितकं उठून दिसत नाही, असंही त्याने नोंदवलं होतं. मग या चार जोड्यांना त्याने यमकात बसणारी चार नावं दिली (फॉर्मिंग, स्टॉर्मिंग, नॉर्मिंग, परफॉर्मिंग) आणि ती नावंच जगभर पोचली. रकाने मागे राहिले.

पुण्यात ही नावं दोन वाटांनी आली. एक वाट मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांची, दुसरी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतल्या आणि नंतर हिंजवडीच्या कंपन्यांतल्या ‘टीम बिल्डिंग’ प्रशिक्षणांची. माझ्या मते दुसरी वाट जास्त रुळली आणि तिने अर्थही बदलला. कंपनीतल्या टीमला स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलायचं नसतं. तिथे दुसरा टप्पा म्हणजे कोण कुणाचं ऐकणार, श्रेय कुणाला, जबाबदारी कुणावर. म्हणजे फक्त पहिला रकाना. ‘संघर्ष’ हा मराठी शब्द त्या अर्थाला नेमका बसतो. त्याच अर्थाने तो समुपदेशनाच्या वर्गात शिरला आणि तिथे मात्र तोकडा पडला.

सदाशिव पेठेतल्या एखाद्या सभागृहात, गोलात मांडलेल्या दहा-बारा खुर्च्यांवर बसलेला गट डोळ्यांसमोर आणा. समोर बसलेल्या बाईंना सगळे ‘मॅडम’ नाहीतर ‘ताई’ म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत कुणी उठून ‘ताई, तुमची पद्धत चुकते आहे’ असं म्हणत नाही. कुणी वीस मिनिटं उशिरा येतं आणि पार्किंग मिळालं नाही असं सांगतं. कुणी म्हणतं, ‘माझं काही विशेष नाही, आधी यांचं होऊ द्या.’ एक काका इतरांना सल्ले देऊ लागतात, कारण सल्ला देताना स्वतःबद्दल बोलावं लागत नाही. (‘समुपदेशन’ या शब्दातच ‘उपदेश’ असल्याने त्यांना यात काही वावगंही वाटत नाही.) एखादीच्या घरी पाहुणे येतात, सलग दोन आठवडे. हे सगळं दुसऱ्या टप्प्याचंच काम आहे. याला वादळ म्हणता येत नाही, संघर्षही नाही. आपल्या घरातला शब्द आहे ‘आढेवेढे’.

म्हणून दोन शब्द वापरावेत असं मला वाटतं. माणसांमाणसांत होतात ते ‘खटके’ आणि मन मोकळं करण्याच्या कामापुढे घेतले जातात ते ‘आढेवेढे’. काही शिक्षकांचा याला आक्षेप आहे. परिभाषा संस्कृतनिष्ठ आणि एकशब्दी असावी, परीक्षेत गोंधळ होऊ नये, हे त्यांचं म्हणणं. ते अगदीच गैर नाही. काहींनी ‘संक्रमण’ हा शब्द सुचवला, कारण नंतरच्या पाठ्यपुस्तकांत आरंभ, संक्रमण, कार्य आणि समारोप असे टप्पे मांडले गेले आणि त्यातल्या संक्रमणात चिंता, बचावाचा पवित्रा, प्रतिकार, कलह हे सगळं एकत्र घेतलं आहे. अर्थाने तो शब्द नीट बसतो. पण तो ऐकून नव्या सुलभकाला काय पाहायचं ते कळत नाही. ‘आढेवेढे’ ऐकला की त्याला आपली आत्याही आठवते आणि गटातला तो गप्प मुलगाही.

दुसरी अडचण अलीकडची नाही, पण अलीकडे ती जास्त जाणवते. मूळ मांडणी ठरावीक सदस्यांच्या, सुरुवात आणि शेवट असलेल्या गटांना धरून वाचली जाते. पुण्यातले गट मात्र पुष्कळदा खुले. १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झालेल्या व्यसनमुक्ती केंद्राने इथल्या अनेकांना गटात बसणं म्हणजे काय ते पहिल्यांदा दाखवलं. तिथे किंवा व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांच्या बारा पायऱ्यांच्या मीटिंगमध्ये, किंवा रुग्णांच्या नातेवाइकांच्या स्वमदत गटात, जुना माणूस आणि आजच आलेला माणूस शेजारी बसतात. एकाचे आढेवेढे संपून वर्षं झालेली असतात, दुसऱ्याचे आज सुरू होतात. गट कितव्या टप्प्यावर आहे, हा प्रश्न तिथे फारसा उपयोगाचा नाही. कोणता माणूस कुठे आहे, हे पाहावं लागतं आणि जुन्या सदस्यांमुळे नवा माणूस लवकर सैलावतो, हा खुल्या गटाचा मोठा गुण त्या क्रमात कुठेच बसत नाही.

पाचवा टप्पा, म्हणजे निरोपाचा, टकमनने १९७७ साली एका सहकारी संशोधिकेबरोबर जोडला. त्याबद्दल वाद नाही. आपल्याकडे तो चहा-सामोशांत उरकला जातो, एवढंच.

२०२० साली सगळे गट मोबाइलच्या पडद्यावर गेले आणि दुसऱ्या टप्प्याची खूणच बदलली. ‘नेटवर्क नाही’ हे नवं पार्किंग झालं. कॅमेरा बंद असलेला माणूस आढेवेढे घेतो आहे की दीड खोलीच्या घरात सासूबाईंसमोर बसून बोलू शकत नाही, हे ओळखणं अवघड झालं. त्या काळात सुरू झालेले काही गट अजून पडद्यावरच भरतात. २०२१च्या केंद्रीय कायद्याने समुपदेशकांना आरोग्याशी संलग्न व्यावसायिकांच्या यादीत घेतलं. त्यामुळे अभ्यासक्रम एकसारखे होतील आणि त्याबरोबर परिभाषाही ठरेल. ती ठरवताना मूळच्या दोन रकान्यांपैकी एकच मराठीत येऊ नये, यासाठी शिकवणाऱ्यांनी आत्ताच बोलायला हवं. मी माझ्या बैठकीच्या नोंदवहीत दुसऱ्या टप्प्यासाठी दोन चौकटी आखते. खटक्यांची चौकट बहुतेक बैठकांत रिकामी राहते. आढेवेढ्यांच्या चौकटीला कित्येकदा पानाची मागची बाजू लागते.