बारा मात्रा, चार रिकाम्या

गेल्या महिन्यात गंगापूर रोडवरच्या एका छोट्या सभागृहात मिनिमलिस्ट संगीताची, म्हणजे छोटासा बोल पुन्हा पुन्हा वाजवत हळूहळू बदलत नेणाऱ्या संगीताची, मैफल ऐकली. पहिल्या रचनेला वाद्यच नव्हतं. दोघं उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. थोड्या वेळानं मागच्या रांगेतले काका पुटपुटले, "चुकले वाटतं."

चुकले नव्हते. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांची 'क्लॅपिंग म्युझिक' ही 1972 ची रचना तशीच आहे. बोल एकच: टा टा टा ऽ टा टा ऽ टा ऽ टा टा ऽ. 'टा' म्हणजे टाळी, 'ऽ' म्हणजे रिकामी मात्रा. मात्रा बारा, टाळ्या आठ. पहिला शेवटपर्यंत हेच वाजवतो. दुसरा काही आवर्तनं त्याच्याबरोबर राहतो, मग बोलाची पहिली टाळी उचलून शेवटी टाकतो. पुन्हा काही आवर्तनांनी आणखी एक मात्रा. बारा वेळा सरकला की परत मूळपदावर.

आता रिकाम्या मात्रा मोजा. सुरुवातीला दोघांच्याही 4, 7, 9, 12. एकदा सरकल्यावर दुसऱ्याच्या 3, 6, 8, 11. सामाईक एकही नाही! बाराच्या बारा मात्रा भरल्या. पुढच्या खेपेला 2, 5, 7, 10. फक्त सातवी जुळते. असं मांडत गेलं की सामाईक शांततेचा हिशेब येतो: 4, 0, 1, 2, 1, 2, 0, 2, 1, 2, 1, 0, 4. उलटा वाचा, तोच. कारण घड्याळाच्या तबकडीसारखं आहे: दुसरा पहिल्याच्या पाच घरं पुढे असेल, तर पहिला दुसऱ्याच्या सात घरं पुढे असतो. म्हणून पाचव्या आणि सातव्या सरकण्याला फक्त माणसांची अदलाबदल होते. आपल्याला ऐकू येणारी नवी लय दोघांपैकी कुणीच वाजवत नसतो; ती कान जुळवतो.

मिरवणुकीतला नाशिक ढोल आठवा. मागची रांग 34 मीटरवर असेल, तर तिचा ठोका पुढे पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 340 मीटर. पथकप्रमुख अशा सरकण्यावर वैतागतो. राइश यांनी मात्र 1965 मध्ये दोन टेपरेकॉर्डरवरची एकच ध्वनिफीत मागेपुढे होताना ऐकली आणि त्यातूनच रचना केली.

मध्यंतरात चहा घेताना एक गृहस्थ म्हणाले, "हेच 432 हर्ट्झला लावलं ना, तर व्याधी जातात. विश्वाचा स्वर आहे तो." हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद माणसानं ठरवलेला. दिवसाचे 86,400 ऐवजी एक लाख भाग केले असते, तर हाच 'विश्वाचा स्वर' 373 वर आला असता. आपल्याकडे तर षड्ज, म्हणजे सुरुवातीचा 'सा', गळा बघून धरतात.

घरी आल्यावर मुलीबरोबर टाळ्या वाजवून पाहिल्या. ती मूळ बोल धरून बसली, सरकायचं मी. पहिलं सरकणं जमलं, दुसरंही कसंबसं. तिसऱ्याला मी नकळत तिच्याच टाळीत जाऊन मिळालो. "बाबा, परत," ती म्हणाली.