निराधारचे पैसे: नाशिक जिल्ह्यातील दिव्यांगांनी अर्ज कसा करावा?

'हातपाय तर धड आहेत, याला कशाला सरकारचे पैसे?' असं सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) किंवा मानसिक आजाराच्या रुग्णाला तोंडावर ऐकवलं जातं. मग घरचेच म्हणतात, नको तो संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. कृपा करून असं करू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता आहे; सिकलसेल, थॅलेसेमिया, मानसिक आजार, अध्ययन अक्षमता (लिहा-वाचायला शिकताना येणारी अडचण) हे सगळं त्यात येतं. आदिवासी भागात सिकलसेल जास्त आढळतो, म्हणून सुरगाणा, पेठकडच्या कुटुंबांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं. कोण पात्र, हे दाखल्यावरची टक्केवारी आणि उत्पन्न ठरवतं, शेजारपाजार नाही.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी किमान ४० टक्के दिव्यांगता, ६५ पेक्षा कमी वय आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, इतर निराधारांसाठी २१,०००. पन्नास हजार म्हणजे महिन्याला ४,२०० सुद्धा नाहीत. घरात एकजण रोजंदारीवर नियमित जात असला तरी ही मर्यादा ओलांडली जाते. ही अट अन्यायकारक आहे आणि ती बदलायलाच हवी. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० रुपये मंजूर आहेत.

सगळ्यात आधी दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) काढा. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा देऊन नोंदणी होते, मग शासकीय रुग्णालयात तपासणी. नाशिक शहरातले लोक त्यासाठी त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला जातात. जाताना जुने केसपेपर, रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या सगळं बरोबर न्या. बाहेरून न दिसणाऱ्या आजारात डॉक्टरांपुढे तोच खरा पुरावा असतो. ४० ते ७९ टक्क्यांना पिवळं कार्ड मिळतं, ८० आणि त्यापुढे निळं. टक्केवारी मान्य नसेल तर ९० दिवसांत अपील करता येतं.

पुढचा अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत किंवा सेतू केंद्रात द्यायचा. सोबत दिव्यांगत्वाचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, वयाचा आणि रहिवासाचा पुरावा, रेशनकार्ड, आधार, बँक पासबुक आणि फोटो जोडा. पैसे थेट खात्यात येतात, त्यामुळे खातं आधारला जोडलेलं आहे ना, हे बँकेत आधीच विचारून घ्या. अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात.

खोटी कागदपत्रं करून लाभ लाटणाऱ्याला याच २०१६ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणजे बोगस लोकांचा बंदोबस्त कायद्यानेच केलेला आहे. त्याचं निमित्त करून खऱ्या माणसाला चारचौघांत मुद्दाम अपमानित केलं, तर तोही गुन्हाच आहे: त्याच कायद्याचं कलम ९२, सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. तक्रार पोलीस ठाण्यात देता येते.